दाराचे चार आकडे

हेग्योंगला माणूस दाराबाहेरूनच कळायचा. ही विद्या तिला नवऱ्याने बावीस वर्षांत फुकट शिकवली होती. कोरियातल्या इंचॉन शहरात दारं आकडे दाबून उघडतात. चार बटणं भराभर वाजली तर आज ठीक आहे. थांबत थांबत वाजली तर स्वारी पिऊन आलीय, टेबलावरच्या ताटल्या आधी उचला. भिंतीवर फुटल्या तर वेचायच्या तिलाच.

आता ती एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. नवऱ्याला पत्ता ठाऊक नव्हता, तरी बाई रोज संध्याकाळी दाराचे आकडे बदलायची. भीतीला कुठे पत्ता लागतो?

एक दिवस व्हायचं तेच झालं. बिल्डिंगमधल्या बायका गच्चीवर थंडीसाठी किमची, कोबी-मुळ्याचं तिखट लोणचं, घालत होत्या. जेवणाचं डुकराचं मांस हेग्योंगच्या शेगडीवर शिजत होतं. ते बघायला ती खाली आली आणि आकडे साफ विसरली.

दुसऱ्या मजल्यावरची मालसुन, वयाने सत्तरीची आणि तोंडाने सतराची, सगळ्यांना घेऊन मागोमाग हजर झाली.

"वाढदिवस घाल की."

"तो त्याला माहितेय, ताई."

"आईचा?"

"तोही."

"मग माझा घाल. तो माझ्या पोरांनाही माहीत नाही."

बायका हसून भिंतीला टेकल्या. हेग्योंगही हसत हसत तिखटाच्या बोटांनी अंदाजपंचे दाबत सुटली. पाचव्या चुकीला कुलूप किंचाळलं.

त्याबरोबर ती डोक्यावर हात घेऊन खाली बसली. आपण बसलोय हेही तिला उशिरा कळलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं झाकलेलं सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

मालसुन कण्हत तिच्या शेजारी टेकली आणि हातातला मुळा तिने कुलपावर हाणला.

"गप बस मेल्या. लागलाय घरधन्यासारखा ओरडायला."

मुळ्याचे दोन तुकडे झाले. हेग्योंगला असं हसू फुटलं की नाकातून पाणी आलं. आणि मुळा बघूनच तिला आठवलं, चाळीस कोबी, पंधरा मुळे. काल केलेल्या किमचीच्या यादीचेच आकडे तिने दाराला लावले होते.

मांस तळाला लागलं होतं. सगळ्यांनी ते ताज्या किमचीत गुंडाळून बोटं चाटत संपवलं. संध्याकाळी हेग्योंगने आकडे बदलले आणि मालसुनला सांगितले.

"मला नको सांगू, बाई. माझ्या पोटात काही राहत नाही."

"राहू द्या ताई, एवढं एक. आणि न विचारता येत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पानं मांडून जेवायला बसणार, तोच दाराचं बटण वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरं. हेग्योंगचे हात आपोआप ताटल्यांकडे गेले. तिसरं वाजेपर्यंत ताटल्या हातात होत्या. चौथं वाजलं, दार उघडलं, आणि दोन्ही हातांत मुळ्याच्या किमचीचा डबा धरून मालसुन आत आली. आकडे तिने कोपराने दाबले होते.

"आवरलंस पण? मी जेवायचीय अजून."

हेग्योंगने हातातल्या ताटल्यांकडे बघितलं. मग त्या परत टेबलावर मांडल्या आणि एक जास्तीची काढली.