आधी आवाज द्यावा

त्या वर्षी चंद्रपूरच्या महाकालीच्या देवळात मी घंटा न वाजवताच आत गेले. आमचे हे बाहेर खांबाला पाठ लावून उभे होते, ते दचकतील ही भीती. हात जोडले, पण मनात भक्ती कमी आणि भांडणच जास्त होतं. काश्मीरच्या डोंगरातून नवरा धडधाकट परत दिलास, मग त्याची झोप कुठं ठेवून घेतलीस, असं मी देवीला विचारलं. प्रसाद घेतला आणि फुरंगटूनच आमच्या सावली गावच्या एसटीत बसले.

हे फौजेतून सुटून घरी आले होते. तिकडं गोळीबारात यांच्या शेजारचा जोडीदार गेला, एवढंच मला ठाऊक. पुढचं यांनी कधी सांगितलं नाही. घरात ताट पडलं तरी हे भिंतीला चिकटायचे, अंगाला घाम फुटायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं. संकट आलं की शरीरात काही हार्मोन सुटतात, त्यानं छाती धडधडते, हातपाय लढायला तयार होतात. संकट टळलं की ते ओसरायला हवेत. यांच्या अंगातल्या पहारेकऱ्याला मात्र ड्युटी संपल्याचं अजून कोणी कळवलेलंच नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, धीर धरा म्हणाले, आणि यांना दचकू देऊ नका असं बजावलं.

त्याचा अर्थ आम्ही आमच्या अकलेनं लावला. रेडिओ बंद झाला. सासूबाई भांडी चिंध्यांवर ठेवू लागल्या. मी बांगड्या वर सरकवून चोरपावलांनी वावरायचे, आणि चार वर्षांच्या पिंकीच्या पायातले पैंजण काढून डब्यात ठेवले. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडं कोणाचं सुतक आहे का वो? आणि एवढं करूनही यांचं दचकणं वाढतच गेलं.

एकदा पिंकीनं लाडानं मागून येऊन यांच्या गळ्याला मिठी मारली. हे असे काही वळले की पोर उंबऱ्यावर आपटली. कपाळाला खोक पडली. ती रडली त्याहून जास्त हे रडले. तेव्हापासून ती जवळ आली की हे दोन्ही हात पाठीमागं धरून उभे राहायचे. "माह्या हाताचा भरवसा नाई," एवढंच म्हणायचे, आणि रात्री अंगणात खाट टाकून एकटे झोपायचे. लेक बापाकडं बघायची आणि बाप भिंतीकडं. माझं काळीज तुटायचं.

देवीचं दर्शन घेऊन आलो आणि लग्नसराई लागली. रोज बँड, रोज फटाके. म्हणून आलापल्लीजवळच्या गावी, माझ्या भावाकडं गेलो. मोह गळायचे दिवस. वहिनी पहाटे फुलं वेचायला निघाली, आम्हीही गेलो. माझी सवय सुटते थोडीच! वहिनीला मी ताकीद दिली, हाका मारू नको, टोपली आपटू नको. "जंगलात असं मुक्यानं जात नाईत वो बाई," ती कुरकुरली, पण नणंदेचा मान राखून गप्प बसली.

हे एका झाडाला टेकून बसले होते. इतक्यात लांबून टिनाचा डबा वाजला आणि हाका आल्या, "ओ होऽऽ! आमी येऊन राह्यलो वो!" मी वेचता वेचता वळले. यांच्याकडं पाहिलं. यांनी मान वर केली, कान दिला, आणि खांदे होते तसेच सैल राहिले. हाका जवळ आल्या. एक म्हातारी गोंड बाई यांच्या अगदी बाजूनं गेली. आपल्या मागून कोणाला जाऊ न देणाऱ्या या माणसानं तिला वाट द्यायला पाय ओढून घेतला.

ती माझ्याकडं वळली. "काऊन वो बाई, मुक्यानंच येचून राह्यल्या? मोहावर अस्वल येते ना."

"आवाजानं चिडत नाई का ते?"

"काऊन चिडंल? त्याले समजते, कोन येऊन राह्यलं थे. न सांगता अंगावर गेलं का भेते, अन् भेलं का मारते. त्याच्या मनात काई वाईट नसते, माय."

ती आपल्या झाडाखाली जाऊन वेचू लागली. माझे हात थांबले. डोळ्यांना धार लागली. घरभर आम्ही चोरासारखे वावरत होतो, आणि हा बिचारा माणूस रात्रंदिवस कानोसा घेत होता.

यांनीही ऐकलं होतं. "मंग मी अस्वल हाओ का?" म्हणाले, आणि हसले. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं! मी पिंकीला म्हटलं, जा बाबाकडे, पण हाका मारत जा. पोरगी घसा ताणून ओरडत निघाली, "बाबाऽ, मी येऊन राह्यली! बाबाऽ, मी आली!" यांचे हात सवयीनं पाठीमागं गेले, तिथंच थोडे थांबले, मग पुढं आले. मोहाची फुलं सांडली, पण लेक बापाच्या कुशीत गेली.

म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वहिनीही तिला ओळखत नव्हती. ती कोण, याचा मी खल करत नाही. मी भांडून विचारलं होतं, उत्तर मिळालं.

गोळ्या पुढंही चालू होत्या, वाईट रात्रीही आल्या. पण पैंजण डब्यातून निघाले, बांगड्या मनगटावर आल्या, आणि हे अंगणातली खाट सोडून घरात झोपू लागले. सगळं घर मुठीत धरून मी त्यांना जपत होते. मूठ सोडली तेव्हा महाकाली आईला काही करायला जागा मिळाली, असं मला वाटतं.

पुढच्या चैत्रात पुन्हा महाकालीला गेलो. मी दाराशी थबकले. पिंकी पैंजण वाजवत पुढं पळाली. यांनी तिला कडेवर घेतलं, मोकळा हात वर केला आणि स्वतः घंटा वाजवली.

"आई," हे म्हणाले, "आमी आलो वो."