वेराचा स्वेटर

साताऱ्यात तिसरीत होते तेव्हाची गोष्ट, सत्तरच्या दशकातली. एका रविवारी सांगलीहून आलेल्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये एक यादी वाचली... रशियात विश्वासासाठी तुरुंगात गेलेल्यांची.

त्यातल्या एकाचा गुन्हा काय, तर घरी प्रार्थनासभा घेतली! आमच्याकडे दर गुरुवारी सभा व्हायची, पेटी वाजवून, खिडक्या सताड उघड्या टाकून... शेजारच्या जैन काकू ओट्यावर बसून गाणी ऐकायच्या. त्या माणसाला आठ वर्षांची मुलगी होती. नाव वेरा.

मीही आठ वर्षांची. झालं... आईनं तिला दत्तकच घेतलं म्हणा ना.

आई दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आली की सुया घेऊन बसायची. मरून लोकरीचा स्वेटर, माप माझं. "हात वर कर गं. वळ. तिकडं लय थंडी असंल." मापाला मी आणि स्वेटर वेराला! मी मात्र मावसबहिणीच्या जुन्या स्वेटरात, कोपरावर ठिगळ. असा राग यायचा म्हणता...

पाळकसाहेबांमार्फत पार्सल गेलं आणि सात-आठ महिन्यांनी परत आलं. वर कसलासा शिक्का, तो कुणालाच वाचता येईना. आईनं स्वेटर उसवला, जास्तीची लोकर घातली आणि एक माप मोठा विणला. म्हणाली, "पोर काय तेवढीच राहतीया व्हय? कुणी जाणारं भेटलं तर तयार असावा."

असं दर वर्षी चाललं. मरून लोकर मिळेना तेव्हा निळी आली, मग करडी. जाणारं कुणी भेटलं नाही.

जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझ्या आधी वेराचं नाव यायचं. एकदा मी फणकारले, "मग तिलाच वाढ की!" आई रागावली नाही. "तिला कोण वाढतंय एवढं कळलं असतं, तर तुझंच नाव आधी घेतलं असतं गं."

त्यानंतर मीही मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागले. शाळेतल्या गमती, गणितातले मार्क, आईच्या चुगल्या... सगळं तिला सांगायचे.

नववीत होते. पाळकसाहेबांनी नव्या यादीतून वाचलं, वेराचे वडील सुटले! टाळ्या, गाणी, बायकांचे डोळे भरलेले. आई उभी राहिली आणि म्हणाली, "आणि पोरगी, साहेब?"

कागदावर तेवढं लिहिलेलं नव्हतं. सुटलेल्यांची नावं पुढच्या यादीत येत नाहीत... म्हणजे आता तिची खबर आम्हाला कधीच मिळणार नव्हती.

घरी येऊन आईनं ट्रंक उघडली. तीन रंगांचा तो स्वेटर माझ्या हातात दिला. "घाल. आता तिचं तिचा बाप बघंल."

सहा वर्षं मला तो हवा होता हो! घातला... अगदी मापात बसला, बसणारच की. आणि मी हमसून हमसून रडले. बहीण पत्ता न देता कुठंतरी निघून गेल्यासारखं वाटलं.

आई आता नाही. जेवणाआधी तुझं नाव मी घेते, वेरा. तुझे बाबा घरी आले म्हणून देवाचे आभार मानायला मी चुकत नाही... पण तू कशी आहेस गं?