मध्ये बोलू नका, असं सांगून बघा

दरवर्षी जूनमध्ये मी ठरवते, की यंदा वर्गातल्या गोष्टी घरी सांगायच्या नाहीत. जुलै उजाडेपर्यंत नेम मोडलेला असतो. नवरा म्हणतो, "तुझ्या पगारापेक्षा तुझे किस्सेच घरात जास्त येतात." त्याचं खरं आहे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात मी कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. म्हणजे ज्या मुलांच्या घरात एका वेळी चौघं बोलतात आणि चौघांनाही सगळं नीट ऐकू येतं, त्यांना मी 'संवाद कसा साधावा' ते सांगते. कोणी कोणाला शिकवायचं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. नोकरी आहे.

आमच्या पुस्तकात प्रत्येक धड्यामागे एक अ‍ॅक्टिव्हिटी आहे. ते लिहिणारा माणूस सिंधुदुर्गात कधी आलेला नसावा, एवढं नक्की.

*

पहिली अ‍ॅक्टिव्हिटी ओळखीची. स्वतःबद्दल बोला आणि पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल ते सांगा. पोलीस भरती झाली, गोव्यातलं हॉटेल झालं, मग तोंडवलीची मानसी उठली. तिचे वडील सदूकाका पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीचे तांडेल. होडी त्यांचीच, सुकाणूही त्यांच्याच हातात.

मानसी म्हणाली, "पाच वर्षांनी मी बाबांच्या होडीवर असेन. सुकाणूला."

मागच्या बाकावरून सावियोने विचारलं, "आणि बाबा?" हा सावियो आरोंद्याचा, इथे आत्याकडे राहून शिकतो आणि न विचारता बोलतो.

"बाबा पुढे बसून डॉल्फिन दाखवतील."

वर्ग हसला. ती हसली नाही. तास संपल्यावर तिने सांगितलं, की सदूकाकांना तिला बँकेत बघायचंय. पंख्याखाली, खुर्चीवर. यंदा तिसरं वर्ष, निकाल लागला की बँकेच्या परीक्षेचा क्लास, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. माझा तास चुकवायचा नाही असाही दम दिलेला, कारण मुलाखतीत कसं बोलायचं ते मी शिकवते ना!

"मग त्यांच्याशी नीट बोल की," मी पुस्तकातलं ज्ञान दिलं.

"बोलूक देतत खंय? होडीचा नाव काढला की जेवणावरसून उठतत."

मला वाईट वाटलं. पण 'जेवणावरून उठणारे वडील' असा धडा आमच्या पुस्तकात नाही.

*

पुढचा धडा 'लक्षपूर्वक ऐकणे'. जोड्या करायच्या, एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये अजिबात बोलायचं नाही. मी वर्गाला तीनतीनदा बजावलं आणि घड्याळ लावलं.

सावियोची जोडी नितीनशी. नितीन म्हणजे कॉलेजात सगळ्यांत बोलका मुलगा, नाटकात काम करणारा. त्याने झोकात सुरुवात केली, "काल आमच्या विहिरीत म्हस पडली..." आणि सावियोकडे बघून थांबला. सावियो ओठ घट्ट मिटून बसलेला. नितीनने पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. दोन मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत बसले. आजूबाजूला सगळ्या वर्गात तीच गत. इतकी शांतता त्या वर्गात मी त्यानंतर कधी अनुभवली नाही.

"अरे, बोल ना पुढे!" मी नितीनला म्हटलं.

तो अगदी काकुळतीला आला. "मॅडम, मधी कोण बोलणाच नाय, तर पुढचा सुचतला कसा?"

*

मी मूळची वालावलची. भात, काजू, आंबे हे माझं जग. समुद्र माझ्यासाठी पाहुण्यांना दाखवायला न्यायची जागा. त्यामुळे पुस्तकातली 'बुडती होडी' मी निर्धास्तपणे वर्गात सोडली. ऑगस्टचा पहिला आठवडा, भर वादळ, होडीत डॉक्टर, शिक्षक, म्हातारा, गवई आणि तांडेल. भार जास्त झालाय, एकाला उतरवावंच लागेल. कोणाला ते गटाने चर्चा करून ठरवायचं.

गट चर्चेला बसले. आवाज चढले, हातवारे झाले. मी खूश. वाटलं, आज माणसाच्या जिवाचं मोल वगैरे निघणार. वीस मिनिटांनी मानसी सगळ्या गटांच्या वतीने उठली.

"मॅडम, कोणालाच उतरवायचं नाही."

"असं कसं? होडी बुडतेय."

"ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ना? नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून. नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालतंच कोण? ती वरती रेतीत आहे, झापं घालून झाकलेली. सगळे आपापल्या घरी आहेत."

"मग वीस मिनिटं भांडत काय होतात?"

"गवयाक आमंत्रण कोणी दिल्यान, त्येच्यावर."

*

अनोळखी माणसाला वाट सांगणं हीसुद्धा एक कला आहे, असं पुस्तक म्हणतं. मी नितीनला पर्यटक केलं, सावियोला गावकरी. पर्यटकाने तोंडवलीच्या किनाऱ्याची वाट विचारायची, गावकऱ्याने थोडक्यात आणि स्पष्ट सांगायची.

"भाऊ, तोंडवलीचा बीच कुठे?"

"तुमी खयसून इलास?"

"पुण्याहून."

"पुण्यात खंय? माझो मामेभाव आसा थंय. उतरलास कोणाकडे? काल इलास की आज? ही बायल तुमची?"

बायको म्हणून कोणी उभंसुद्धा नव्हतं! सावियोने पर्यटकाच्या घरातल्या झाडून सगळ्या माणसांची चौकशी केली, सासुरवाडीचं गाव काढलं, दुपारचं जेवण काय केलंत विचारलं आणि रात्री आत्याकडे तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कोशिंबीर खायला यायचं कबूल करून घेतलं. वाटेचा पत्ता नाही. बेल झाली तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अरे, वाट कधी सांगणार होतास?"

सावियोला माझीच कीव आली. "वाट सांगितली तर तो जायत ना, मॅडम!"

*

मग आल्या मुलाखती. मी टेबल मांडलं, साहेबाच्या खुर्चीत सावियोला बसवलं, कारण नाहीतरी तो मध्ये बोलणारच होता. मानसी आली. पाठ ताठ, फाइल मांडीवर, नमस्कार अगदी पुस्तकातला. चांगली बोलली. शिक्षण, आवडीनिवडी, कॉम्प्युटर, सगळं व्यवस्थित.

सावियोने नसलेला चष्मा पुसला. "तुम्हाला बँकेत का यायचंय?"

खोटं बोलायची मानसीला सवय नाही. "बाबांना हवंय म्हणून."

"मग त्येंकाच पाठव," साहेब म्हणाले. "तू कित्याक इलंस?"

*

ही मुलाखत झाली दुपारी. संध्याकाळपर्यंत ती तोंडवलीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सदूकाका कॉलेजच्या दारात हजर. पांढरा शर्ट, चेहरा तापलेला.

"बाई, मी चेडवाक बँकेसाठी तुमच्याकडे धाडतंय आणि तुमी माझी चेष्टा करतास?"

त्या दिवशी आमचा विषय होता 'घरातल्या माणसाशी कठीण गोष्ट बोलणे', आणि मानसीसमोर वडील म्हणून सावियो उभा होता. मी सदूकाकांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, आधी तास बघा, मग मला बोला.

सावियोने घसा खाकरून सुरुवात केली, "बाळ मानसी..."

"बापूस असो बोलणा नाय," बाकावरून आवाज आला.

सावियोने आवाज चढवला. पुन्हा बाकावरून, "असोय बोलणा नाय." सावियो गप्प राहिला. बाक म्हणाला, "असो तर मुळीच गप रवणा नाय!"

मी म्हटलं, "काका, तुम्हीच या पुढे. पण माझ्या वर्गातला नियम आहे. समोरच्याची बाजू आपण मांडायची. तुम्ही मानसी, मानसी तुम्ही."

ते नको नको म्हणत होते, तेवढ्यात नितीन पुटपुटला, "काकांक जमाचा नाय." मालवणी माणसाला एवढं पुरतं. सदूकाका उठले.

मानसी खुर्चीत रेलून बसली, पाय लांब केले, ओढणी टॉवेलसारखी खांद्यावर टाकली. "बोल गो. काय व्हया तुका?" वर्ग फुटला. ते हुबेहूब सदूकाका होते.

काका ओशाळं हसले. "बाबा, माका होडयेर येवचा आसा."

"होडी चेडवांचा काम न्हय. लोक काय म्हणतले?"

"लोक डिझेल घालतत?"

"बँकेत फॅन आसा. ऊन लागणा नाय. खुर्चेर बसान सुखात रवशीत."

इथे सदूकाकांचं हसू गेलं. हरायची सवय त्यांना नाही, समोर कोणी का असेना. "खुर्चेर तू बसलंस? आज्यान तुका हापिसात चिकटवलेलो ना? म्हयनो भरूच्या आधी पळान इलंस! पंख्याखाली जीव गुदमारता म्हणालंस!"

मानसीला ही हकिकत ठाऊक नव्हती, तिच्या तोंडावर दिसलं. पण तिने टॉवेल सावरला. "ता येगळा. मी झील हुतंय."

"दर्याक काय कळता, सुकाणार झील आसा की चेडू?" काकांनी बाकावर हात आपटला. "माका वारो कळता, पाणी कळता. पाच वर्सांची असल्यापासून तुझ्या मांडयेर बसान शिकलंय. मगे शिकवलंस कित्याक?"

मानसी खुर्चीत सरळ बसली. पुढचं वाक्य तिने अगदी हळू म्हटलं.

"आणि तुका काय झाला तर?"

सदूकाका तिच्या खुर्चीशी आले. "काय झाला तर तू आसस ना बाजूक."

"बरा," मानसी म्हणाली. "ये मगे."

बेल झाली. मुलं बाहेर पडली. सदूकाका माझ्या टेबलाशी आले, रुमालाने तोंड पुसलं आणि मानसी ऐकत नाही ना, हे बघून खालच्या आवाजात म्हणाले,

"बाई, हिचो बापूस भारी हट्टी. पण वळवलंय शेवटी."