ब्रेकमधली हवा

ती घटना अजून माझ्या मनातून गेली नाही. त्या नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपली मोटारसायकल आडवी करून तिच्यावर गोधड्या अंथरणं. त्यांची बोरीकडची ऊसतोडीची टोळी पालमकडं निघाली होती. लेकरं रात्रभर त्या गोधड्यांवर झोपून आली. सकाळी नवरा त्याच गाडीवर पीठ आणायला निघाला. उतारावर पुढचा ब्रेक लागला नाही, एकटा मागचा पुरला नाही. उभ्या बैलगाडीवर आदळून जागीच गेला.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्यात जमादार होतो. सातवी शिकून शिपायात भरती झालेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. घडलं तसं सांगतो.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. पुढचा डिस्क ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकायचा. "नळीत हवा आहे," ते म्हणाले. निघायच्या दिवशीच गावातल्या मिस्त्रीनं तो ब्रेक खोलून रबरं बदलली होती. ब्रेक खोलला की नळीत हवा शिरते. नवं तेल भरताना ती काढावीच लागते, नाहीतर ब्रेक असून नसल्यासारखा.

त्यात खबर आली. मागच्या जत्रेत मयतानं या मिस्त्रीला चारचौघांत मारलं होतं आणि मिस्त्री "तुला बघून घेतो" म्हणाला होता. मयताच्या थोरल्या भावानं तशीच फिर्याद दिली, की मुद्दाम हवा ठेवून माझ्या भावाचा खून केला. मिस्त्रीला उचलून आणला. खुनाचं कलम लागलं असतं तर त्याचा जन्म तुरुंगात गेला असता.

मी विचारलं, "बघून घेतो म्हणाला होतास का?"

"म्हणलो होतो की. मार खाल्ल्यावर काय आरती म्हणायची, सायेब?"

"मग हवा का ठेवलीस?"

"न्हाई ठेवली. बुडबुडे बंद हुईस्तोर काढली. लिव्हर दगडावानी कडक करून दिला. आमचं भांडण कवाच मिटलं हुतं. माझ्यासंगं च्या पिऊन गेला तो."

खोटं बोलणारा माणूस लेकराबाळांच्या शपथा घेतो. हा एकही घेत नव्हता. पण निरीक्षकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. माझं डोकं चालेना.

दुपारी घरी जेवायला गेलो. घरी सगळं सांगायची माझी सवय. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, समद्यायला इच्यारलं. त्याच्या मागं बसायची तिला इच्यारलं का?"

नव्हतं विचारलं. सुतकात विधवा बाई कोपऱ्यात बसते. तिला परक्या पुरुषापुढं आणत नाहीत. मग आम्हीही दिराचा जबाब घेऊन उठतो. माझ्या बायकोनं ठाण्याची पायरी कधी चढली नाही, पण आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटलं ते तिला चुलीपुढं दिसलं. आता ती नाही. जेवायच्या वेळेला घर खायला उठतं. असो.

महिला शिपाई घेऊन मी टोळीच्या कोप्यांवर गेलो. पाचटाच्या त्या खोपटाच्या दारात थोरला भाऊ आडवा आला. "तिला काय कळतंय? जावा तुमी."

आतून आवाज आला, "दादा, मला बोलू द्या."

ती पदर सावरून बसली. म्हणाली, "मिस्त्रीकडनं मी त्याच गाडीवर घरी आले. वाटंत म्हैस आली. यायनं असा ब्रेक दाबला की माजं कपाळ त्यायच्या पाठीवर आदळलं. मी म्हणले, हळू की, नाक फोडता का माजं! तर हसायले."

म्हणजे ब्रेक चांगला होता. "मग रातीतून काय झालं?" मी विचारलं.

ती जराशी सरकली. मग अंगाखालची गोधडी ओढून तिनं पुढं केली. त्यावर तेलाचा मोठा डाग. वास घेतला, ब्रेकचंच तेल.

"ते गाडी उभी बांधायलते. मीच म्हणले, आडवी घाला, लेकरायला झोपाया जागा हुईल."

"गप बस!" दीर ओरडला. "लोक तुलाच नावं ठेवतेल."

"ठेवू द्या. माझ्या लेकरायचा बाप गेला. त्या मिस्त्रीच्या लेकरायचा कशाला आत घालता?"

एवढ्या नोकरीत मी पुष्कळ शूर माणसं बघितली. असं कुणी बघितलं नाही.

निरीक्षकांना कळवलं. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "करूनच बघू." ठाण्याच्या आवारात आमच्या एका शिपायाची तसलीच जुनी गाडी उजव्या अंगावर निजवली. पुढच्या ब्रेकच्या तेलाची डबी हँडलवर त्याच बाजूला असते. शिपाई म्हणाला, "सायेब, माझी गाडी मुद्देमालात जमा करू नका म्हंजे झालं." थोड्या वेळानं डबीच्या झाकणातून तेल झिरपलं. गाडी उभी केली, तर लिव्हर मुठीला टेकला. तेल बाहेर, हवा आत.

मिस्त्रीनं त्याच गाडीत पुन्हा तेल भरलं आणि हवा कशी काढतो ते करून दाखवलं. शिपायानं लिव्हर दाबून धरायचा, यानं खालचं निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, जरा सैल करून लगेच आवळायचं. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे येऊ लागले. निरीक्षक उकिडवे बसून बघत होते. बुडबुडे थांबले तसा लिव्हर कडक झाला. त्यांनी दुरुस्त अहवाल दिला. मिस्त्री सुटला.

या केसनं मला एक शिकवलं. ठाण्यात जो मोठ्यानं बोलतो त्याचा जबाब आधी लिहिला जातो. जिचं सगळ्यात जास्त गेलं, ती बहुतेक वेळा गप्प असते. तिला जाऊन विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या कोप्यांवर गेलो. नवी टोळी येऊन थांबली होती. तिच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांखाली एक मोटारसायकल आडवी. मी वर चढलो, ती उभी केली, दोर घेतला. एकट्याला आवळेना. थोरला भाऊ लांबून बघत होता. मग पुढं आला, ट्रॉलीवर चढला आणि त्यानं दोराचं दुसरं टोक धरलं.