तेल सापडलंय, पण निघणार कधी?

“मॅडम, समदं त्याच्यातच टाका. इकडं तिकडं काय ठिवूच नका.”

सोपानभाऊंनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर एका छोट्या तेल कंपनीच्या शेअरचा चार्ट होता. रेघ जीवधन किल्ल्याच्या कड्यासारखी सरळ वर गेलेली.

मी नारायणगावात गुंतवणूक सल्लागार आहे. खाली ठिबकचं दुकान, वर माझं ऑफिस. मी शेअर विकत नाही, कमिशन घेत नाही. सल्ला देते आणि त्याची फी घेते. खाली नळ्यांचं बिल लोक मुकाट भरतात. वर माझ्या फीचा आकडा ऐकला की त्यांना उकडायला लागतं.

सोपानभाऊ पिंपरी पेंढारचे टोमॅटोवाले बागायतदार. रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांच्या जमिनीचा एक पट्टा गेला, त्याची भरपाई आली. ती नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात पडून होती. त्यातून राजुरीत बदलीची जमीन घ्यायची ठरली होती. जमीनमालकानं दिवाळीपर्यंतचा शब्द दिला होता. तेवढ्यात कुणीतरी सोपानभाऊंना व्हॉट्सॲपवर ही कंपनी पाठवली. झालं. आता त्यांचा बेत असा, की पैसे तेलात टाकायचे, दिवाळीपर्यंत दुप्पट करायचे आणि राजुरीच्या त्या जमिनीबरोबर शेजारचा विहिरीचा तुकडाही घ्यायचा.

“आणि दुप्पट नाही झाले तर?” मी विचारलं.

“का न्हाई व्हणार? तेल घावलंय ना राव त्यांना. भर समुद्रात! बातमी आलीय.”

मी कंपनीची कागदपत्रं वाचायला घेतली. बातमी खरी निघाली, आणि तीच अडचण होती. थाप असती तर पाच मिनिटांत विषय संपला असता.

समुद्रातल्या तेलाचं असं असतं. आधी एक विहीर खणतात. तेल लागलं की त्याला डिस्कव्हरी म्हणतात. पेपरात बातमी येते, शेअर उडतो. मग साठा किती पसरलाय हे बघायला आणखी विहिरी खणतात. त्यानंतर फील्ड डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे विहिरी किती, तेल वर कसं आणायचं, किनाऱ्यावर कसं न्यायचं याचा आराखडा. मग सगळे भागीदार खर्चाला शेवटचा होकार देतात. पैसा खरा तिथून पुढं लागतो, आणि तो अफाट लागतो. या कंपनीचा आराखडा एका तरंगत्या जहाजावर उभा होता. ते जहाज भाड्यानं घ्यायचं, विहिरीतलं तेल त्याच्यावर चढवायचं, त्यातलं पाणी आणि गॅस वेगळा करायचा, तेल तिथंच साठवायचं. जहाज अजून ठरलेलं नव्हतं. परदेशी भागीदाराचा होकारही आलेला नव्हता. म्हणून अहवालात त्या तेलाला ‘रिझर्व्ह’, म्हणजे काढायचा पक्का ठरलेला साठा, म्हटलेलंच नव्हतं. ‘कंटिंजंट रिसोर्स’ म्हटलं होतं. म्हणजे तेल आहे, पण ते काढायचं की नाही, हे ठरायचंय.

हे सगळं मी सोपानभाऊंना सोपं करून सांगायला गेले, आणि फसले.

“भाऊ, तुम्ही बोअर घेता. पाणी लागलं म्हणजे लगेच शेत भिजतं का? मोटर लागते, पाईप लागतो, विजेचं कनेक्शन लागतं.”

त्यांचे डोळे चमकले. “आता कसं बोललात! पाणी लागलं ना, मंग मोटर काय, येतीच. आमी सात बोअर घेतली. दोनला पाणी लागलं. आमी काय रडत बसलो का?”

ज्या माणसानं पाच कोरडी बोअर पचवली, त्याला मी धोका समजावत होते.

मी म्हणाले, “पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या. खातं दोघांचं आहे.”

मंदावहिनी आल्या. पदर सावरून बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

“ते तेल निघंल कधी?” त्यांनी मला विचारलं.

“सगळं सुरळीत झालं तर चार-पाच वर्षांनी.”

त्या नवऱ्याकडं वळल्या. “आन् दिवाळी कधीये?”

“अगं, तेल निघायच्या आदीच शेअर वर जातोय! तुला त्यातलं काय कळतंय?”

“मला जमीन कळती.”

दोघं माझ्यासमोरच भांडायला लागले. मी चहा मागवला. कंपनीचा कॉनकॉल जवळ आला होता. दर तीन महिन्यांनी निकालानंतर कंपनीचे साहेब फोनवर गुंतवणूकदारांशी बोलतात, त्याला कॉनकॉल म्हणतात. नंबर फिरवून कुणालाही ऐकता येतं. प्रश्न विचारायचा असेल तर स्टार आणि एक दाबायचं. मी सुचवलं, “त्यांचंच ऐकू. मग ठरवा.”

ठरल्या दिवशी आम्ही तिघं टेबलावरच्या फोनभोवती बसलो. प्रश्न मी विचारायचा असं ठरलं होतं. पण प्रश्नोत्तरं सुरू झाल्याबरोबर सोपानभाऊंनी स्टार-एक दाबलं आणि नाव सांगितलं. थोड्या वेळानं ऑपरेटर बाईनं इंग्रजीत पुकारा केला. भाऊ चक्क उभे राहिले, टोपी नीट केली.

“नमस्कार साहेब. पुणे जिल्ह्यातून बोलतोय. पैलं म्हंजे अभिनंदन!”

कॉनकॉलवर पहिलं वाक्य अभिनंदनाचंच असतं, कंपनी बुडत असली तरी. हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

“आमच्या रोडला लई गाड्या जात्यात. आपला एखादा पेट्रोल पंप मिळंल का?”

मी कपाळावर हात मारला. पलीकडून साहेब हिंदीत म्हणाले, “सर, हम पंप नहीं चलाते. हम सिर्फ तेल निकालते हैं.”

“अच्छा. मंग निकाला क्या?”

फोनवर कुणीतरी फिसकन हसलं.

“अभी नहीं, सर. जहाज के लिए बातचीत ॲडव्हान्स्ड स्टेज में है.”

मी फोन पुढं ओढला आणि इंग्रजीत विचारलं, “जहाजाच्या करारावर सही झाली आहे का?”

“वी आर होपफुल, मॅम.”

“भागीदारानं शेवटचा होकार दिला का?”

“दे आर इव्हॅल्युएटिंग.”

आणि ऑपरेटर बाईनं आमची लाईन बंद केली.

मंदावहिनींनी विचारलं, “होपफुल म्हंजे काय?”

“म्हणजे त्यांना आशा आहे.”

“आशा तर मलाबी व्हती, लगीन झालं तवा.”

सोपानभाऊ खाली बसले.

राजुरीची जमीन दिवाळीच्या आधी झाली. भाऊंचा हट्ट तरीही पुरता गेला नाही. मग मी वहिनींसमोर तोडगा काढला. बुडाले तर जेवताना घरात सांगता येईल, घास अडकणार नाही, एवढेच पैसे तेलात टाकायचे. ते त्यांनी स्वतःच्या डिमॅट खात्यातून टाकले.

पुढं काय व्हावं? शेअर वर गेला! दुप्पट झाला, त्याच्याही वर गेला. भाऊ रोज सकाळी स्क्रीनशॉट पाठवायचे, खाली गुलाबाचं फूल. मंचरला एका लग्नात त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. “ह्या आमच्या मॅडम. ह्यांच्यामुळं आमी करोडपती व्हायचं राहिलो.” सगळे हसले. मीही हसले, पण जिलेबी गोड लागली नाही. त्या महिन्यात माझे दोन ग्राहक दुसरीकडं गेले. बरोबर असूनही मूर्ख दिसायचा काळ या धंद्यात येतोच. मला तो लांबलचक वाटला.

उन्हाळ्यात परदेशी भागीदार बाहेर पडला. तेलाचा भाव बघता जहाज परवडत नाही, म्हणाला. शेअरला लोअर सर्किट लागायला लागलं. म्हणजे भाव ठरलेल्या मर्यादेपर्यंत पडतो, आणि विकणाऱ्यांची रांग असली तरी घेणारा कुणी नसतो.

भाऊ जिना चढून आले. “विकू का?”

“घेणारा आहे का?”

“न्हाई.”

“मग चहा घ्या.”

त्यांनी चहा घेतला. राजुरीच्या जमिनीत कांदा कसा आलाय ते बराच वेळ सांगत बसले. तेलाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मागच्या आठवड्यात ते पुन्हा आले. मोबाईल टेबलावर ठेवला. आता समुद्रातल्या गॅसची दुसरी कंपनी आहे. मी वहिनींना फोन लावला.

माणसाचा मोह काढून टाकता येत नाही. त्याचा आकार तेवढा लहान करता येतो. मी फी घेते ती त्याचीच.