हक्काचा माणूस

परळच्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात एक बाई गणपती ठरवायला आल्या, तेव्हा मी मोबाइल हातात धरून सुन्न बसलो होतो. माझ्या बालगणेशाचा साचा काढून दुसरा एक कारखानदार तशाच मूर्ती विकत होता. बाईंनी माझ्या मोबाइलवर त्या नकली मूर्तींचा फोटो पाहिला आणि पदर खोचून समोरच्या पाटावर बसल्या. त्या कायद्याच्या प्राध्यापिका होत्या आणि कलाकृतींवरचे हक्क हाच त्यांचा विषय होता.

“मूर्ती घडवतानाचे फोटो आहेत?”

“आहेत मॅडम, पण मी नोंदणी कुठे केलीय?”

“नोंदणी लागतच नाही हो! तुम्ही घडवलीत, तेव्हाच हक्क तुमचा झाला!”

बोलताना त्यांचे हात सारखे हलत होते. चष्म्याला शाडू लागला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. तिथेच बसून त्यांनी त्या कारखानदाराला पाठवायची नोटीस लिहून दिली.

आठवड्याने साचा मोडल्याचा त्या माणसाचा फोन आला. मी पेढे घेऊन कॉलेजात धावलो, तर बाईंनी मला थेट वर्गात नेलं.

“वीस वर्षं हक्क शिकवतेय,” त्या मुलांना म्हणाल्या, “आज वर्गात हक्काचा माणूस आलाय!”

एका मुलीने विचारलं, “काका, तुम्ही काय करता?”

“मी कलाकार आहे,” मी म्हणालो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.