कोटावरचं कणीस

शहाद्याच्या बाजारात निजामभाईंचं सेहऱ्यांचं दुकान आहे. गाठ वडिलांनी शिकवलेली: दोरा भिजवून बांधायचा, सुकता सुकता तो स्वतःच आवळतो. पोटच्या पोरांपेक्षा निजामभाईंचा या गाठीवर जास्त भरवसा.

यंदा प्रकाशा गावच्या हिलाल आप्पांचा चंदन स्वतःच्या लग्नाची फुलं सांगायला दुकानात आला. हा मुलगा लहानपणी वावरात जायचं म्हटलं की रडायचा. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याला मातीची ओढ लागली.

"चाचा, गुलाब नको. कोटवरनं फूल गावरान पाहिजे. ज्वारीनं कणीस, कापसानं बोंड, वर सुतळी. घरना सगळासले. फोटोपर्यंत टिकी ना?"

"लगीन तुटी, पन मन्ही गाठ सुटाव नही," निजामभाई म्हणाले आणि लगेच कान पकडून तोबा केली.

निजामभाईंच्या बायकोनं, हाजराबींनी, कणसांचा ढीग पाहिला. "शादी है की पोळा?"

 निजामभाईंनी तोवर लग्नाच्या त्या फोटोसाठी दुकानाच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता.

लग्नाच्या दिवशी त्यांनी स्वतः मंडपात जाऊन प्रत्येकाच्या छातीवर फूल टाचलं. कोटावर, सफारीवर, नेहरू शर्टाच्या खिशावर. मंडळी शोभत होती. मग वरात बँडपुढे नाचत अडकली, जेवणं लांबली आणि बसल्या जागी वडीलधाऱ्यांचे हात रिकामे झाले.

शेतकऱ्याच्या हाताशी कणीस आलं की पुढचं त्याच्या हातात राहत नाही. वाहरू मामांनी चार दाणे खुडले, तळहातावर चोळले, फुंकर मारली, तोंडात टाकले. शेजारच्यानं बोंडातला कापूस ओढून धागा किती लांब निघतो ते पाहिलं. बघता बघता अख्खी रांग चघळू लागली.

"मामा, खाऊ नका! ते फोटोना साठे शे!" चंदन धावत आला.

"खाई कोठे ऱ्हायनू? दाणा देखी ऱ्हायनू. कोना वावरनी शे?"

"नथ्थू भाऊनी," चंदननं सांगितलं.

हे ऐकून हिलाल आप्पा वळले. नथ्थूचं वावर त्यांच्या बांधाला लागून. दरसाल तो बांध थोडा थोडा आप्पांकडे सरकतो.

"मन्हा पोऱ्याना छातीवर नथ्थूनी ज्वारी?"

खोट काढायच्या इराद्यानं आप्पांनी स्वतःचं कणीस पुरतं चोळून तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले.

"गोड शे," ते अखेर म्हणाले. असं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या पाठवणीलाही दिसलं नव्हतं. खात्री करायला त्यांचा हात नवरदेवाच्या कोटाकडे गेला.

निजामभाई आडवे आले. नवरदेवाच्या छातीवर पंजा ठेवून म्हणाले, "आप्पा, तुमले कसम शे. हाई एक सोडा."

तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं.

फोटो आता दुकानातल्या त्या खिळ्यावर आहे. अर्ध्या वऱ्हाडाचे गाल फुगलेले, मधोमध नवरदेव, त्याच्या फुलावर निजामभाईंचा पंजा आणि बाकी सगळ्यांच्या छातीवर नुसते दांडे.

"फूल किधर है?" हाजराबींनी विचारलं.

"खा गये." निजामभाईंनी एका दांड्यावर बोट ठेवलं. "गाठ देख. एक भी छूटी क्या?"